एडविनचं पोस्टर

पहिली बाई आली ती हातात हार घेऊन. पांढऱ्या शेवंतीचा. मी हॉलच्या दारात उभा होतो. शो सुरू व्हायला अजून अर्धा तास होता. मला वाटलं, बाई चुकली असेल, दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाला निघाली असेल. पण तिने दाराशी स्टँडवर लावलेलं आमचं पोस्टर बघितलं, चपला बाजूला काढल्या, पोस्टरला हार घातला आणि हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उदबत्ती लावायला काही ठेवलं नाही का हो?"

पिक्चरला हार घेऊन येणारे लोक मी आयुष्यभर बघितले आहेत. हिरोच्या कटआऊटला घालतात. पण ते नाचत येतात, ढोल वाजवत येतात. ही बाई डोळे पुसत होती. तिच्या मागून आणखी लोक येत होते. पांढरे कपडे, हळू आवाज, खाली माना. तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालंय ते.

आधी मी कोण ते सांगतो. चिंचपोकळीला चाळीत राहतो. वडील कोकणातून येऊन मिलला लागले. मला शाळा आवडली नाही आणि मिल मला मिळाली नाही. मी पोस्टरच्या धंद्यात शिरलो. पिक्चर लागायच्या आधी शहरभर त्याचे कागद चिकटवायचे, ते काम. एका कागदाचं पोस्टर असतं त्याला आम्ही वन-शीट म्हणतो. सहा कागद जोडून भिंत भरते ते सिक्स-शीट. चिकटवायला खळ लागते. मैदा पाण्यात शिजवायचा, त्यात मोरचूद टाकायचं, म्हणजे उंदीर-झुरळं कागद खात नाहीत. आता सगळीकडे फ्लेक्स झालं. फ्लेक्सला खळ लागत नाही आणि मीही लागत नाही.

खळ शालन शिजवायची. शालन म्हणजे माझी बायको. मागच्या थंडीत गेली. ताप उतरेना म्हणून चालत नेली आणि ॲम्ब्युलन्समधून परत आणली. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही.

पिक्चर मी कधी बघितलेच नाहीत. पास मिळायचा तो तिचा. ती मॅटिनी बघून यायची आणि भाकऱ्या थापता थापता सांगायची, हा चालेल, हा शुक्रवारी उतरेल. मोठमोठे डिस्ट्रिब्युटर मला विचारायचे, "दत्तू, काय अंदाज?" मी शालनचा अंदाज माझा म्हणून सांगायचो. माझं नाव झालं ते असं.

ती गेल्यावर घरात बसवेना. जो भेटेल त्याला काम विचारत फिरत होतो. त्यातून प्रभादेवीच्या एका ऑफिसात पोचलो. तिथे मृण्मयी मॅडम होती. तिशीची असेल. बोलणं पुण्याच्या बाजूचं, स्वच्छ. तिने मला काका म्हणायला सुरुवात केली आणि कामाचं समजावून सांगितलं.

लंडनची एक संस्था होती. तिकडच्या नव्या पोरापोरींनी काढलेले ब्रिटिश पिक्चर ही संस्था देशोदेशी नेऊन दाखवते. म्हणजे ज्यांना कोणी ओळखत नाही अशा डायरेक्टरांची पब्लिसिटी. मुंबईत पाच पिक्चर आणले होते. मुंबई झाली की पाचातले दोनच पुढच्या देशांत जाणार, बाकीचे तीन घरी. कुठले दोन, ते ठरवायला त्या संस्थेची मुख्य, लंडनची मॅडम, स्वतः प्रत्येक शोला मागे बसणार. किती लोक आले, किती शेवटपर्यंत बसले, ते बघणार.

"चार पिक्चर वांद्र्याला आणि कुलाब्याला आहेत काका," मृण्मयी म्हणाली. "पाचवा मी लालबागला ठेवलाय. तो गिरणीवरचा आहे. तिकडच्या गिरणीवरचा. म्हटलं, गिरणीवाल्यांनाच दाखवू."

"गिरणीवाले उरलेत कुठे?"

"असतील ना घरोघरी. ते तुम्ही आणायचे."

"पोस्टर बघून हल्ली माणूस येत नाही. मोबाइलवर टाका."

"टाकलंय. तिथून वांद्र्याचे लोक येतात. मला तुमची माणसं हवीत."

तिने पोस्टर पुढे ठेवलं. काळंपांढरं. एका म्हाताऱ्या गोऱ्याचा चेहरा, कागदभर. खाली ठळक अक्षरांत एडविन. त्याखाली मराठीत 'आयुष्यभर गिरणीत राबलेला माणूस'. मग मंगळवार, संध्याकाळी सहा, शाळेच्या हॉलचा पत्ता, आणि 'सर्वांनी अगत्याने उपस्थित राहावे'. पिक्चर, डायरेक्टर, संस्था हे सगळं तळाला, बारीक इंग्रजीत. डिझाइन लंडनहून आलं होतं, मराठी तेवढं ऑफिसात घातलं होतं. मी म्हटलं, झकास आहे. मृण्मयीही म्हणाली झकास. ऑफिसातल्या सगळ्यांनी बघितलं. कोणाला काही खटकलं नाही.

पिक्चर काढणारा डॅनी. पंचविशीचा, तांबड्या केसांचा, उन्हाने नाक सोललेलं. त्याच्या गावातल्या कापडगिरण्या त्याच्या जन्माआधीच बंद पडलेल्या. एडविन हा त्याचा आजोबा. डॅनी आठवडाभर एका गोदामात खोकी भरायचा आणि सुट्टीच्या दिवशी आजोबाचं शूटिंग करायचा. कितीतरी वर्षं असं करून पिक्चर झाला.

मी मृण्मयीला म्हटलं, "विचार त्याला, पुढे नाही गेला पिक्चर तर?"

तिने विचारलं. तो हसून एकच शब्द बोलला. ती म्हणाली, "खोकी."

त्याला माझ्याबरोबर पोस्टर लावायला यायचं होतं. मी म्हटलं ये. तो सकाळीच माझ्या खोलीवर आला. दादरला पांढरा कुर्ता-पायजमा विकत घेतला होता, तोच घालून. मी स्टोव्हवर खळ ठेवली. त्याला ढवळायला दिली. सगळ्या गुठळ्या झाल्या. शालनच्या खळीत कधी गुठळी व्हायची नाही. ती मैदा आधी गार पाण्यात कालवून घ्यायची. हे मला तेव्हा आठवलं, गुठळ्या झाल्यावर. भिंतीवर तिचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. डॅनीने बोट करून विचारलं. मी म्हटलं, "माय वाइफ." त्याने गुठळ्या फोडायला घेतल्या. एकेक करून, बोटांनी. मी त्याला मोरचूद विषारी असतं म्हणून ओरडलो आणि हात धुवायला लावले.

आता पोस्टर लावायचं कुठे, हा प्रश्न होता. भिंतीवर चिकटवायला हल्ली बंदी आहे. टॉवरचे वॉचमन हाकलतात. मी विचार करून ठेवला होता. लालबाग-परळला चाळीच्या तोंडाशी काळा फळा असतो. पाणी येणार नाही, गणपतीची मीटिंग आहे, असलं काही खडूने लिहितात. पण मुख्य म्हणजे चाळीत कोणी गेलं की त्याचं नाव आणि न्यायची वेळ त्या फळ्यावर लागते. त्यामुळे जाणारा-येणारा माणूस त्याच्याकडे नजर टाकल्याशिवाय पुढे जात नाही. माझ्या धंद्यात अशी जागा म्हणजे सोनं. कमिटीवाले ओळखीचे. कोणी नाही म्हटलं नाही. फक्त आमच्या चाळीच्या फळ्यावर मी लावलं नाही. त्या फळ्याकडे मी बघतच नाही.

दोन दिवस आम्ही फिरलो. पोस्टर लावलं की लोक थांबायचे, बघायचे आणि हात जोडायचे. डॅनीच्या खांद्यावर कोणी कोणी हात ठेवायचं. डॅनी खूश. तोही हात जोडायचा, कमरेत वाकून. काही बायका माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवायच्या. मला वाटलं, शालनचं यांना कळलंय. मी म्हणायचो, "मंगळवारी या." त्या म्हणायच्या, "येणार ना."

एका चाळीत गुणाजी परब भेटला. जुना साचेवाला. मिलमधल्या मागाला आमच्याकडे साचा म्हणतात, आणि माग चालवणाऱ्याला साचेवाला. परबाने पोस्टरवर नाक टेकवून वाचलं.

"कुठल्या मिलचा रे?"

"विलायतेतल्या."

"मास्तर होता? साहेब?"

"नाही. साचेवालाच. हा त्याचा नातू."

"मग आपलाच माणूस," परब म्हणाला. "येतो. बाकीच्यांनापण सांगतो."

माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात एवढा चांगला रिस्पॉन्स मी बघितला नव्हता. मी मृण्मयीला फोन करून सांगितलं, खुर्च्या वाढवा.

मंगळवारी काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. हॉल भरत चालला. शंभरेक माणूस असेल. कोणी बोलत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर डोक्यावरून घेतला होता. एवढ्यात गाडी आली. मृण्मयी, डॅनी आणि लंडनची मॅडम उतरली. साठीची बाई, चष्मा गळ्यात अडकवलेला. तिला हार दिसला तशी ती खूश होऊन फोटो काढायला लागली. तिला वाटलं आपल्याकडे पाहुण्यांचं स्वागत असंच करतात.

मृण्मयी धावत माझ्याकडे आली. "काका, हाऊसफुल!" मग तिने पोस्टर बघितलं. "हे काय? हार कोणी घातला?"

"लोकांनी."

"का?"

"शोकसभेला आलेत ते."

"कोणाच्या?"

"आपल्या एडविनच्या."

ती तिथेच पायरीवर बसली. मग उठली आणि माझा हात घट्ट धरला.

"काका, आत्ता कोणाला काही सांगू नका. पिक्चर सुरू होऊ दे. एकदा अंधार झाला की कोणी उठत नाही. संपल्यावर मी सांगते समजावून."

"काय समजावणार?"

"सुचेल काहीतरी. ती मागे बसून बघणार आहे. एवढे लोक एकाही शोला आलेले नाहीत. त्या मुलाचा विचार करा."

"म्हातारा जिवंत आहे ना?"

"आहे हो. काल रात्री बोललाय डॅनी त्याच्याशी."

"मग हार तरी काढला पाहिजे."

"काढा. पण बोलू नका."

मी हार काढायला गेलो. पहिली आलेली बाई उदबत्ती मिळवून आली होती आणि ती स्टँडच्या फटीत खोचत होती. मी हार उतरवला. परब तिथेच खुर्चीवर बसला होता. तो उठला.

"काय रे दत्तू? फोटोचा हार काढतोस?"

मी हार हातात गोळा केला.

"अरे, त्याचा नातू समोर उभा आहे. डोकं फिरलं काय तुझं?"

शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. मला खोटं सुचलं असतं. पिक्चरच्या पब्लिसिटीत खोटं बोलायलाच शिकवतात. म्हणू शकलो असतो की सुरुवातीला भाषण आहे, हार नंतर घालायचाय. डॅनी दारात उभा होता, पांढऱ्या कुर्त्यात, काही न कळून हसत. हार माझ्या हातात होता. माझ्या घरचा चंदनाचा हार मी रोज सकाळी फडक्याने पुसतो. तो कशाला घालतात ते मला पक्कं माहीत आहे. जिवंत माणसाला तो घालून शंभर माणसं अंधारात बसवायची, आणि त्याच्या नातवाला ते बघायला लावायचं, हे माझ्याच्याने होईना.

मी पुढे जाऊन माइक घेतला.

"मंडळी, घोटाळा झालाय. हा माणूस गेलेला नाही. विलायतेत आहे, जिवंत आहे. हा त्याचा नातू. याने आजोबावर पिक्चर काढलाय. शोकसभा नाही, पिक्चर आहे. फुकट आहे. ज्यांना बसायचं त्यांनी बसा."

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"मग फळ्यावर कशाला लावलंस रे?"

"मी हाफ डे टाकून आलोय!"

"जिवंत माणसाला हात जोडून आलो आम्ही दोन दिवस. त्याचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

हार आणलेली बाई माझ्यासमोर उभी राहिली. "दे तो हार. देवाला तरी घालते."

तिच्या शेजारची मालवणीत ओरडली, "अगो, मेल्याचो हार देवाक घालतलंस?"

"मेलो खंय तो? आताच सांगितल्यान ना!"

कोणीतरी हसलं. पण बरेचसे उठले. उठताना खुर्च्यांचा आवाज झाला. माझ्या मागे एक जण दुसऱ्याला हळू म्हणाला, "बायको गेल्यापासून याचं चित्त थाऱ्यावर नाही." ते खरं होतं. म्हणून मी वळून बघितलं नाही.

अर्ध्याहून जास्त हॉल रिकामा झाला. लंडनची मॅडम मागच्या रांगेत बसून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मृण्मयीने डॅनीला बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं, पोरगं आता माझ्यावर धावून येणार. तो आला. माझ्या हातातला हार घेतला, दोन्ही हातांत धरला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. शो संपेपर्यंत तो त्याच्या मांडीवर होता.

परब उठला नव्हता. त्याच्याबरोबर आलेले साचेवाले बसले होते. परब म्हणाला, "आलोय तर बघू. जिवंत आहे ते बरंच झालं."

पिक्चर सुरू झाला. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. ज्याचं पोस्टर लावलं असा पिक्चर मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. तसं त्यात काही होत नाही. म्हातारा एकटा राहतो. बसस्टॉपवर बसतो. बंद मिलच्या कुंपणाशी जाऊन उभा राहतो. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. आमच्यातल्या कोणाला ती वाचता येत नव्हती.

मग एक गोष्ट झाली. म्हातारा बसस्टॉपवर समोर बघून ओठ हलवायला लागला. आवाज नाही. ओठ मोठे मोठे करून, मध्येच हाताने खुणा करत. मला वाटलं साऊंड गेला. परब मात्र खुर्चीत पुढे सरकला.

"साचेखात्यातलं बोलणं आहे रे हे," तो म्हणाला.

साचेखातं म्हणजे जिथे माग चालायचे ते. तिथला आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून कामगार ओठांवरून आणि हातांवरून बोलायचे. आमच्याकडे तसंच आणि तिकडेही तसंच, हे कोणालाच माहीत नव्हतं. मिल बंद पडून जन्म गेला तरी एडविन घरीदारी तसाच बोलायचा. समजणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

पडद्यावर त्याने दोन बोटं एकमेकांवरून ओढून दूर केली. परब म्हणाला, "धागा तुटला." म्हाताऱ्याने खांद्यामागे अंगठा दाखवला. दुसरा एक जण म्हणाला, "मुकादम येतोय मागून." सगळे हसले. परबाने स्वतःचा हात वर केला आणि पडद्याकडे बघून खूण केली. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "चहाला चल म्हटलं."

शेवटी शेवटी म्हातारा बायकोच्या कबरीवर जातो. ती त्याच्या शेजारच्याच मागावर होती, हे मृण्मयीने नंतर सांगितलं. कबरीसमोर उभा राहून तो तसंच बोलतो. ओठ हलतात, हात हलतो, आवाज नाही. बराच वेळ. तिथे डॅनीने खाली अक्षरंही टाकली नव्हती.

कोणीतरी परबाला विचारलं, "आता काय म्हणतोय?"

परब पडद्यावरून नजर काढून म्हणाला, "ते आपल्यासाठी नाही."

मी बाहेर जाऊन नळाचं पाणी प्यायलो. तोंड धुतलं. मग परत आलो तेव्हा दिवे लागले होते. बसलेल्यांतलं कोणी मध्ये उठलं नव्हतं. पिक्चर चालणार की उतरणार, याचा मला काही अंदाज येईना. विचारायलाही कोणी नव्हतं.

निघताना साचेवाल्यांनी डॅनीशी हात मिळवले. हारवाली बाई शेवटपर्यंत बसली होती. तिने डॅनीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि माझ्याकडे न बघता गेली.

बाहेर मृण्मयी आणि लंडनची मॅडम इंग्रजीत बोलत होत्या. बराच वेळ. मॅडमने दोनदा मान हलवली. मग ती गाडीत जाऊन बसली. मृण्मयी माझ्याकडे आली.

"काय म्हणाली?"

"पिक्चर फार चांगला आहे म्हणाली."

"मग?"

"पण लोक पिक्चरला आलेच नव्हते म्हणाली. अर्धे सुरू व्हायच्या आधी गेले, उरलेलेही कोणीतरी वारलंय म्हणून आले होते. ही गर्दी मी वर काय म्हणून सांगू, असं विचारते."

"बसले ते शेवटपर्यंत बसले."

"सांगितलं मी. ती म्हणाली, ते आवडला म्हणून बसले की सभ्यपणाने बसले, हे मला कसं कळणार?"

"परबाला विचार म्हणावं."

"काका." तिचा आवाज चढला नाही, पण डोळ्यांत पाणी होतं. "दीड तास गप्प राहिला असतात तर?"

"शेवटी कळलंच असतं त्यांना."

"शेवटी कळलं असतं हो. तोवर तिने बघून झालं असतं. शंभर लोक, एक जण उठला नाही."

मी स्टँडवरचं पोस्टर काढून गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी डॅनी निघायच्या आधी माझ्या खोलीवर आला. मृण्मयी बरोबर होती. ती माझ्यावर रागावलेली होती, पण आली. डॅनीने मोबाइल काढून लावला आणि माझ्यासमोर धरला. त्यात एडविन. पोस्टरवर होता त्यापेक्षा बारीक, आणि गोरा कसला, लालबुंद. उशीला टेकून बसला होता. माझ्याकडे बघून त्याने काहीतरी विचारलं.

मृण्मयी म्हणाली, "विचारतायत, पिक्चर चालला का?"

मी म्हटलं, "खरं सांग त्यांना. अर्धा हॉल उठून गेला. अर्धा बसला."

तिने सांगितलं. म्हातारा हसला. त्याचं उत्तर तिने मला सांगितलं, "म्हणतात, अर्धा म्हणजे पुष्कळ. आमच्या गावच्या शोला मी स्वतःच झोपलो होतो."

हाराचं डॅनीने त्याला आधीच सांगितलं होतं. त्याने विचारलं, नुसता फोटो बघून मी मेलोय असं लोकांना का वाटलं?

"सांग, आमच्याकडे जिवंतपणी एवढा मोठा फोटो फक्त पुढाऱ्याचा लागतो."

म्हातारा एवढा हसला की त्याला खोकला लागला. डॅनीही हसला. खोकला थांबल्यावर एडविनने शांतपणे आणखी काहीतरी विचारलं. एकूण किती माणसं आली होती?

"शंभरेक," मी म्हटलं. तेवढं इंग्रजी मला येतं. "हंड्रेड."

तो उशीवर जरा वर सरकला. मग दोनच वाक्यं बोलला. डॅनी खाली बघायला लागला. मी मृण्मयीला म्हटलं, काय म्हणाला?

"म्हणतात, शंभर म्हणजे खूप झाले. मी खरोखर जाईन तेव्हा एवढे येणार नाहीत."

पाचातले दुसरे दोन पिक्चर पुढच्या देशांत गेले. डॅनीचा मुंबईतच संपला. तो परत गोदामात लागला असं मृण्मयीने नंतर सांगितलं. नवीन काही काढलेलं नाही. ती मला अजून अधूनमधून फोन करते, पण काम देत नाही. तिचं बरोबर आहे.

या धंद्यात येणाऱ्याला एकच सांगण्यासारखं आहे. पोस्टर चिकटवणारा माणूस भिंतीला नाक लावून उभा असतो. त्याला कडा दिसतात, सुरकुत्या दिसतात, खळीचे ओघळ दिसतात. पोस्टर दिसत नाही. म्हणून चिकटवून झालं की रस्ता ओलांडायचा, पलीकडच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कसं दिसतंय ते बघायचं. हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. इतकी वर्षं मी ते चुकवलं नाही. त्या दोन दिवसांत एकदाही रस्ता ओलांडला नाही. शालन गेल्यावर पलीकडे जाऊन बघावं असं काही उरलंय, असं तेव्हा वाटतच नव्हतं.